मुक्त सॉफ्टवेअरचे बारसे

नाव ठेवणे ही वरवर पाहता किरकोळ बाब वाटते; पण पनवेलकरांना तसे सांगून पटणार नाही. तालुक्यात उभ्या राहिलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाला कोणाचे नाव द्यावे, या प्रश्नावरून जून २०२१ मध्ये हजारो भूमिपुत्र बेलापूरच्या सिडको भवनाकडे निघाले होते. २०२२ साली राज्य विधिमंडळाने लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नावाचा ठराव केला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्यांच्या जमिनी प्रकल्पांत गेल्या, त्यांची धावपट्टीवर वा इमारतींवर मालकी उरलेली नव्हती. तरीही नावाचा आग्रह त्यांनी सोडला नाही. एखादी गोष्ट कोणाच्या श्रमावर उभी राहिली, हे पुढच्या पिढीला सांगण्याचे काम बहुधा नावच करते.

संगणकाच्या जगात मुक्त सॉफ्टवेअर नावाचा जो मोठा संसार उभा राहिला आहे, तेथेही नावाला असेच, किंबहुना याहून अधिक वजन आहे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली असते असे सॉफ्टवेअर. ते कोणीही वापरावे, उघडून पाहावे, त्यात बदल करावेत आणि बदललेली प्रत इतरांना वाटावी, अशी मुभा त्याच्या परवान्यातच दिलेली असते. संहिता, चिन्हे, मदतपुस्तिका, भाषांतरे असे सारेच तेथे वाटता येते. वाटता येत नाही अशी एकच गोष्ट बहुतेक वेळा मागे राहते, ती म्हणजे प्रकल्पाचे नाव. म्हणूनच मुक्त सॉफ्टवेअरच्या बारशाला केवळ हौसेपलीकडचे महत्त्व असते. आणि ते बहुतेकांच्या लक्षात येते, तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

पाळण्यातली नावे

बहुतेक प्रकल्पांची नावे ठेवली जातात, त्या वेळी हा प्रकल्प जगभर जाईल अशी पुसटशी कल्पनाही कोणाला नसते. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली आपली संगणकप्रणाली लिहिली, तेव्हा तिचे नाव त्याने ‘फ्रिॲक्स’ असे योजले होते. स्वतःच्या नावावरून सुचलेले ‘लिनक्स’ हे नाव त्याला आत्मप्रौढीचे वाटत असे. मात्र ज्या सर्व्हरवर ही प्रणाली ठेवायची होती, तो सांभाळणाऱ्या आरी लेम्के याला ‘फ्रिॲक्स’ रुचले नाही. त्याने टोरवाल्ड्सला न विचारताच त्या कप्प्याला ‘लिनक्स’ असे नाव देऊन टाकले आणि तेच पुढे रूढ झाले. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो; लिनक्सच्या बारशाला आत्याचे काम लेम्केने केले, असे म्हणावे लागेल.

या नावांचे ढोबळमानाने काही प्रकार पडतात. पहिला प्रकार शब्दखेळाचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पाच्या नावाचा विस्तार ‘ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे’ असा आहे. विस्तारात पुन्हा तेच नाव येते आणि त्याचा पुन्हा विस्तार करू गेल्यास वर्तुळ संपतच नाही. युनिक्स ही त्या काळची मान्यवर, परंतु परवान्यांनी बांधलेली प्रणाली होती. तिच्यासारखेच काम करणारी, पण तिच्यातील एकही ओळ न वापरलेली प्रणाली आपण घडवणार आहोत, हे स्टॉलमन यांनी नावातूनच सांगितले.

दुसरा प्रकार घरगुती नावांचा. १९९३ साली इयान मर्डॉक याने सुरू केलेल्या ‘डेबियन’मध्ये त्याची तेव्हाची मैत्रीण आणि पुढे पत्नी झालेली डेब्रा, तसेच स्वतः इयान, अशा दोघांची नावे गुंफलेली आहेत. मायकेल विडेनियस यांनी आपल्या माहितीकोश प्रणालीला ‘माय’ या थोरल्या मुलीवरून ‘मायएसक्यूएल’ असे नाव दिले. प्रचंड माहितीसाठा हाताळणाऱ्या ‘हडूप’चे नाव तर त्याचा निर्माता डग कटिंग याच्या लहान मुलाच्या पिवळ्या खेळण्यातल्या हत्तीचे आहे. अर्थहीन, उच्चारायला सोपे आणि दुसऱ्या कोणी न वापरलेले असे नाव मुलाने सहज शोधून काढले होते.

तिसरा प्रकार उसन्या शब्दांचा. ‘उबुंटू’ हा दक्षिण आफ्रिकेतील भाषांमधला, परस्परांतील माणुसकी सांगणारा शब्द २००४ साली एका लिनक्स प्रणालीचे नाव झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आलेल्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतील स्वयंसेवकांनी मदतकार्याच्या नोंदींसाठी जे सॉफ्टवेअर लिहिले, त्याला त्यांनी ‘सहना’ म्हटले. सिंहली भाषेत त्याचा अर्थ दिलासा, मदत असा होतो. ‘जुमला’ या संकेतस्थळे घडवणाऱ्या सॉफ्टवेअरचे नाव स्वाहिली भाषेतून घेतलेले असून ‘सर्व मिळून’ हा त्याचा अर्थ आहे. मराठी वाचकाला हा शब्द परका नाही. जुन्या हिशेबांत एकूण बेरजेला ‘जुमला’ म्हणत असत. अरबीतला एकच शब्द व्यापारी गलबतांबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्याला आणि फारसीच्या वाटेने मराठीत आला.

हार्बर मार्गाच्या आसपास

असली नावे दूरदेशीच जन्माला येतात, असे मात्र नाही. पनवेलहून मुंबईकडे निघालेली हार्बर मार्गावरची गाडी ज्या स्थानकांवरून जाते, त्यांच्या आसपासही मुक्त सॉफ्टवेअरची काही बारशी झालेली आहेत.

मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथील जी. नागार्जुन यांच्या पुढाकाराने ज्ञानाची जोडणी आणि मांडणी करणारी एक मुक्त प्रणाली आकाराला आली. तिचे नाव ‘ग्नोसिस’. इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे असली, तरी त्यात ‘ग्नू’ची आठवण आहे आणि ज्ञान या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा ध्वनीही आहे. तो ग्रीक शब्द आणि आपला ‘ज्ञा’ हा धातू एकाच कुळातले असल्याने मराठी माणसाला हे नाव दूरच्या नातलगासारखे वाटावे.

खारघर आज पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येते. खारघर स्थानकासमोर सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचे मुंबई विभागाचे एक केंद्र आहे. हा विभाग म्हणजे पूर्वीचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. २००३ साली ते सी-डॅकमध्ये विलीन झाले. मुक्त सॉफ्टवेअर भारतीय भाषांत आणण्याच्या या विभागाच्या प्रकल्पाचे नाव होते ‘जनभारती’, आणि त्यातून आलेल्या मुक्त फॉन्टना ‘जनहिंदी’, ‘जनमराठी’, ‘जनसंस्कृत’ अशी नावे मिळाली. सरकारी कागदावर शोभेल असे, तरीही कोणासाठी काम चालले आहे ते सांगणारे हे नाव. याच संस्थेशी संबंधित असलेले ज्येष्ठ अक्षररचनाकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या मुक्त देवनागरी फॉन्टचे नाव ‘रघू’ आहे. प्राध्यापकांचे नाव रघुनाथ. रघू हे त्याचेच लघुरूप. त्यांनीच रेखाटलेला ‘मंगल’ हा फॉन्ट मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधून देशभरातील संगणकांवर पोहोचला. एकाच हाताची ही दोन अक्षरे. ‘मंगल’ एका कंपनीच्या मालकीचा, तर ‘रघू’ कोणीही घ्यावा आणि सुधारावा असा.

मुंबईतीलच विकसक कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या मुक्त हिशेब-सॉफ्टवेअरचे नाव ‘ग्नूखाता’ आहे. ‘ग्नू’ हा शब्द विचारसरणी सांगतो आणि ‘खाता’ हा शब्द काम सांगतो. दुकानदाराला पहिल्या शब्दाचा अर्थ कळला नाही तरी दुसऱ्याचा लगेच कळतो. देशभर वापरल्या जाणाऱ्या ‘ईआरपीनेक्स्ट’ या मुंबईत घडलेल्या व्यवसाय-व्यवस्थापन प्रणालीने मात्र सरळ उद्योगजगताचीच भाषा स्वीकारली.

अक्षरांच्या क्षेत्रात मराठी शब्दांचा संसार अधिक बहरलेला दिसतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने मुक्त परवान्याखाली दिलेल्या एका देवनागरी फॉन्टचे नाव ‘मुक्ता’ आहे. त्यांच्याच गुबगुबीत अक्षरांच्या फॉन्टला ‘मोदक’ म्हणतात, आणि नऊ भारतीय लिप्यांसह रोमन लिपीलाही सामावून घेणाऱ्या संचाला ‘अनेक’. गटाचे नाव ‘एक’ आणि संचाचे नाव ‘अनेक’, ही जोडी भारतीय कानाला समजावून सांगावी लागत नाही. ‘यात्रा’ या फॉन्टची प्रेरणा तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेस्थानकांवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांची आहे. रुंद कुंचल्याने लिहिलेली ती अक्षरे रोज पाहणाऱ्या प्रवाशाला हे नाव का पडले, ते सांगायला नको.

घाट चढून पुण्याला गेले की ‘लोहित’ भेटतो. रेड हॅट या कंपनीने २००४ साली भारतीय लिप्यांसाठी मुक्त केलेल्या फॉन्टसंचाचे हे नाव. कंपनीच्या नावातला तांबडा रंग संस्कृत शब्दात आणून ठेवण्याची ही युक्ती आहे. कंपनीची ओळखही राहिली आणि फॉन्ट परदेशी पाहुणाही वाटला नाही. छत्तीसगडमध्ये जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयासाठी लिहिल्या गेलेल्या मुक्त रुग्णनोंद प्रणालीला ‘बम्हनी’ हे तिथल्या एका दुर्गम खेड्याचे नाव देण्यात आले. आज ते नाव इतर देशांतील रुग्णालयांतही उच्चारले जाते.

संहिता सर्वांची, नाव कोणाचे?

येथवर सारे गोड वाटते. परंतु मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना नीट वाचला, तर त्यातली एक गोम लक्षात येते. संहितेवर स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा कायदा चालतो. मुक्त परवाना हा हक्क लोकांसाठी खुला करतो. नावावर मात्र ट्रेडमार्क म्हणजेच व्यापारचिन्हाचा वेगळा कायदा चालतो आणि परवान्याने दिलेली मोकळीक तेथे आपोआप लागू होत नाही. अपाचे परवान्याच्या २००४ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतील सहावे कलम तर स्पष्टच सांगते, की या परवान्याने नावे किंवा व्यापारचिन्हे वापरण्याची अनुमती मिळत नाही. फॉन्टसाठी प्रचलित असलेल्या ओपन फॉन्ट परवान्यातही ‘राखीव नावा’ची सोय आहे. रचनाकाराने नाव राखून ठेवले असेल, तर फॉन्ट घ्या, बदला, वाटा. पण बदललेल्या फॉन्टला दुसरे नाव द्या, अशी ती अट असते.

खुलेपणाचा पुरस्कार करणाऱ्यांनी नावाबाबत एवढे सोवळे का पाळावे, असा प्रश्न येथे पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर विश्वासात आहे. संहिता कोणीही बदलू शकत असल्यामुळे त्यात घातक भर टाकणेही कोणाला अशक्य नसते. अशी भेसळ केलेली प्रत मूळ नावानेच वाटली गेली, तर वापरणाऱ्याने कशावर भरवसा ठेवावा? चितळ्यांच्या बाकरवडीची कृती उद्या जगजाहीर झाली, तरी त्या नावाची पुडी कोणीही बांधून विकावी, हे ग्राहकाला चालणार नाही. तसाच हा प्रकार आहे. कृती मोकळी राहू शकते, पण पुडीवरचे नाव ती कोणी केली याची हमी देत असते.

ही हमी किती ताणली जाऊ शकते, याचे उदाहरण फायरफॉक्सचे. मोझिलाच्या या ब्राउझरचे नाव २००२ साली ‘फिनिक्स’ होते. त्या नावाच्या संगणक कंपनीचा हक्क आड आल्याने २००३ साली ते ‘फायरबर्ड’ झाले. मग त्याच नावाच्या मुक्त माहितीकोश प्रकल्पाने हरकत घेतली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये ‘फायरफॉक्स’ हे नाव कायम झाले. दोनदा पोळल्यामुळे मोझिलाने या नावाची राखण कसोशीने केली. बदललेली प्रत फायरफॉक्स म्हणून वाटायची असेल, तर बदल आधी मंजूर करून घ्यावेत आणि बोधचिन्हही ठेवावे, असा तिचा आग्रह होता. डेबियनच्या स्वयंसेवकांना तो मान्य होईना. परिणामी २००६ ते २०१६ अशी दहा वर्षे डेबियनमध्ये तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने नांदला. विस्तवाच्या कोल्ह्याला बर्फाचे मुंगूस म्हणावे, असा हा विनोद होता. पण त्यामागचा पेच खरा होता.

नाव नोंदवले नाही तर काय होते, हे लिनक्सने त्याआधीच अनुभवले होते. १९९४ साली अमेरिकेतील एका गृहस्थाने, ज्याचा या प्रणालीच्या निर्मितीशी काही संबंध नव्हता, ‘लिनक्स’ हे नाव स्वतःच्या नावे नोंदवण्यासाठी अर्ज केला. नोंदणी मिळाल्यावर त्याने लिनक्सवर चालणाऱ्या व्यवसायांकडे पैशांची मागणी सुरू केली. कज्जा झाला, तडजोड झाली आणि १९९७ साली ते नाव टोरवाल्ड्स यांच्याकडे आले. ज्या नावाला त्यांनी एकेकाळी संकोचाने नकार दिला होता, तेच नाव मिळवण्यासाठी वकील द्यावा लागला.

वेगळी चूल मांडताना

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मतभेद झाले, की संहितेची प्रत घेऊन बाहेर पडण्याचा आणि वेगळी चूल मांडण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. एकत्र कुटुंबातून वेगळे होताना भांडीकुंडी वाटून घेता येतात. घराण्याचे नाव कोण लावणार, हा प्रश्न मात्र भांड्यांसारखा सुटत नाही. येथेही तसेच घडते. लिहिणारे सगळे एका बाजूला आणि नाव दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती गेल्या वीस वर्षांत वारंवार आली.

२००५ साली ‘मँबो’ या प्रकल्पाचे बहुतेक विकसक नावाची मालकी सांभाळणाऱ्या कंपनीशी न पटल्याने बाहेर पडले आणि त्यांनी वर उल्लेखिलेला ‘जुमला’ स्थापन केला. २०१० साली सन या कंपनीबरोबर ‘ओपनऑफिस’चे नाव ओरॅकल कंपनीकडे गेले. तेव्हा त्यातील प्रमुख मंडळींनी सप्टेंबर २०१० मध्ये ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ स्थापून ‘लिबरऑफिस’ हे नवे नाव घेतले. ओरॅकलने पुढे, २०११ साली, जुने नाव आणि संहिता अपाचे फाउंडेशनला देऊन टाकली. पण तोवर काम करणारे हात नव्या घरी रुळले होते. जुने नाव अनेकांच्या ओठांवर राहिले आणि सुधारणा मात्र नव्या नावाखाली होत राहिल्या. मराठीत लिहिण्यासाठी मोफत कार्यालयीन संच शोधणारा साधा वापरकर्ता ओळखीच्या जुन्या नावापाशीच थांबला, तर त्यात त्याचा दोष म्हणता येणार नाही.

मायएसक्यूएल हेदेखील सनमार्फत ओरॅकलच्या हाती जाणार, हे दिसताच विडेनियस यांनी २००९ साली संहितेची नवी शाखा काढली आणि तिला धाकट्या मुलीच्या नावावरून ‘मारियाडीबी’ म्हटले. थोरलीचे नाव सौद्यात गेले होते. ‘सेंटओएस’ या प्रणालीची जुनी वाट बंद होत असल्याचे रेड हॅटने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले, तेव्हा तिचे एक संस्थापक ग्रेगरी कर्टझर यांनी तिच्या जागी ‘रॉकी लिनक्स’ सुरू केली. हे नाव दिवंगत सहसंस्थापक रॉकी मॅक्गॉ यांचे. सेंटओएसचे यश पाहायला ते हयात नव्हते. नव्या प्रकल्पाने निदान त्यांचे नाव जागते ठेवले.

आहेरावर हक्क सांगितला जातो तेव्हा

या साऱ्यांत महाराष्ट्रातील वाचकाच्या सर्वांत जवळ येणारी कथा ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरची आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या लहानशा भागातील सार्वजनिक ग्रंथालयाला नवी संगणकप्रणाली हवी होती. विकतची परवडेना, म्हणून ती लिहून घेण्यात आली, जानेवारी २००० मध्ये कामाला लागली आणि मग जगासाठी खुली करण्यात आली. तिचे नाव ठेवले ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण साधी भेट नव्हे. पाहुण्याने यजमानाला दिलेली आणि पुढे कधीतरी परतफेडीची जाणीव जागी ठेवणारी ती भेट असते. मराठीत त्याला ‘आहेर’ हाच शब्द शोभतो. घेणाऱ्याने प्रसंग आला की आपल्या परीने परत द्यावे, हा मुक्त सॉफ्टवेअरचा सगळा व्यवहार या एका शब्दात येतो. भारतातील अनेक विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची ग्रंथालये आज कोहा वापरतात. हा आहेर आपल्याही दारी आलेला आहे.

मात्र याच नावावर २०११ साली संकट आले. कोहाच्या आधारे व्यवसाय करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने ‘कोहा’ या नावाच्या व्यापारचिन्हासाठी न्यूझीलंडमध्येच अर्ज केला असून तो प्राथमिक पातळीवर मान्य झाला आहे, असे उघडकीस आले. ज्या ग्रंथालयाने ही प्रणाली जगाला दिली, त्यालाच स्वतःच्या आहेराचे नाव घेण्यासाठी परवानगी मागावी लागण्याची वेळ येऊ घातली होती. शिवाय हा शब्द त्या ग्रंथालयानेही घडवलेला नव्हता. तो माओरी समाजाच्या रोजच्या जगण्यातला. ग्रंथालयाचा न्यास आणि तेथील एक स्थानिक सॉफ्टवेअर कंपनी यांनी हरकत नोंदवली, जगभरच्या ग्रंथपालांनी त्यांना साथ दिली आणि २०१३ साली निर्णय न्यासाच्या बाजूने लागला. नाव वाचले, पण एका गावच्या ग्रंथालयाला त्यासाठी दोन वर्षे झुंजावे लागले.

उसन्या शब्दांची आणखीही एक बाजू आहे. अपाचे फाउंडेशनचे नाव अमेरिकेतील एका मूलनिवासी जमातीचे, तर तिचे बोधचिन्ह पिसाचे. १९९५ साली नाव ठेवणाऱ्यांच्या मनात आदर होता, तसाच ‘ठिगळे लावलेला सर्व्हर’ हा इंग्रजी श्लेषही होता. २०२३ साली मूलनिवासी तंत्रज्ञांच्या एका गटाने या वापराला जाहीर हरकत घेतली. २०२५ साली संस्थेने पिसाच्या जागी ओक वृक्षाचे पान हे चिन्ह स्वीकारले. नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांतले अंतर मराठीत एका मात्रेचे आहे. दुसऱ्याच्या घरातला शब्द उचलताना ते विसरून चालत नाही.

मराठी प्रकल्पांनी काय करावे?

नवीन पनवेल आणि खारघर परिसरात अभियांत्रिकीची अनेक महाविद्यालये आहेत. तेथे दरवर्षी लिहिल्या जाणाऱ्या प्रकल्पांतील काही आता मूळ संहितेसह जगापुढे ठेवले जातात. अशांपैकी एखादा उद्या मोठा झाला, तर त्याचे नाव त्याच्याबरोबर राहील की नाही, हे बऱ्याच अंशी पहिल्या दिवसाच्या निवडीवर ठरते.

भारतात व्यापारचिन्हांसाठी १९९९ चा कायदा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे. त्याच्या नवव्या कलमानुसार केवळ वस्तूचे वर्णन करणारा शब्द सहसा नोंदवता येत नाही. म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरला नुसते ‘हिशेब’ म्हटले, तर ते कळायला सोपे, पण राखायला अवघड. याउलट ‘मोदक’ हे नाव मिठाईच्या दुकानाला वर्णनात्मक ठरेल. फॉन्टला मात्र ते वेगळेपण देते. ‘ग्नूखाता’सारखा जोडशब्द दोन्ही गरजा काही प्रमाणात भागवतो. संगणक आज्ञावली नोंदणीच्या नवव्या वर्गात येतात आणि त्यासंबंधीच्या सेवा बेचाळिसाव्या वर्गात. २०१७ च्या नियमांनी व्यक्ती, नवउद्यमी आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये ठेवले. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी केली नसली, तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याला कायदा काही संरक्षण देतो. त्यासाठी तो वापर तारीखवार दाखवता आला पाहिजे. मुक्त प्रकल्पाची प्रत्येक नोंद तारखेसह जतन होत असल्याने येथे त्याचा खुलेपणाच त्याच्या उपयोगी पडतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न नाव कोणाच्या हाती ठेवायचे, हा आहे. एका व्यक्तीच्या नावे ठेवले तर ती व्यक्ती प्रकल्प सोडू शकते; कंपनीच्या नावे ठेवले तर कंपनी विकली जाऊ शकते. जगातल्या अनेक प्रकल्पांनी यावर न्यासाचा मार्ग काढला आहे. डेबियनचे नाव ‘सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट’ या ना-नफा संस्थेच्या हाती आहे आणि लिबरऑफिसचे ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’कडे. गावच्या देवळाची जमीन पुजाऱ्याच्या नावावर न करता देवस्थानाच्या नावे ठेवण्यामागे जे शहाणपण असते, तेच यामागे आहे. पुजारी बदलतात, वाद होतात, तरी देऊळ गावाचे राहते.

मराठीला या व्यवहारात एक उपजत सोयही आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाचे फुकट आणि स्वतंत्र असे दोन अर्थ होतात. त्या गोंधळाला कंटाळूनच १९९८ साली ‘ओपन सोर्स’ हा नवा शब्द घडवावा लागला आणि त्यावरून चळवळीत दोन तट पडले. मराठीत मोफत वेगळे आणि मुक्त वेगळे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मोफत मिळालेल्या वस्तूचे देणे लागत नाही. मुक्त वस्तू घेणाऱ्यावर मात्र ती पुढे मुक्त ठेवण्याची जबाबदारी येते आणि ती जिच्या नावाने आली, ते नाव जपण्याचीही.